झिंक-मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी पळण्यात खरंच फरक पडतो का?

पोटरीत_गोळा:
मी नाशिकला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळतो, रविवारी पांडवलेणी चढतो. पहिली हाफ मॅरेथॉन करायचीये पण १४-१५ किमीला पोटरीत असा गोळा येतो की आहे तिथेच बसावं लागतं. जिमवाला कोच म्हणतो झेडएमए घे, झिंक मॅग्नेशियम बी६, गोळे जातील, झोप लागेल, टेस्टोस्टेरॉन पण वाढेल. घर माळकरी त्यामुळे अंडी-मटण काही नाही. मल्टिव्हिटॅमिन चालू आहे. घेऊ का?

गंगापूररोडकर:
भाऊ, हे झेडएमए गाजवलं कोणी माहितीये का, बाल्को या अमेरिकन सप्लिमेंट कंपनीचा व्हिक्टर कॉन्टे, तोच जो २००३ च्या डोपिंग प्रकरणात अडकला 😄 टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणणाऱ्या अभ्यासात तो स्वतःच सामील होता, नंतर दुसऱ्यांनी तपासलं तर तसं काही निघालं नाही. अंगात कमी असेल तर गोळीचा उपयोग, नाहीतर पैसे नाल्यात. आणि घामातून जास्त जातं ते मीठ, मॅग्नेशियम अगदी किरकोळ. मला तर वाटतं तू शेवटच्या किलोमीटरांचा सरावच केलेला नाहीस, थकलेली पोटरी आखडणारच.

मिसळ_आणि_मैल:
मॅग्नेशियम ऑक्साइड लाँग रनच्या आदल्या रात्री घेऊ नका एवढंच सांगतो. सोमेश्वरपर्यंत पोचलो नाही तोवर झाडी शोधायची वेळ आली 🙏

ताई_पळते:
शाकाहारी आहात तर झिंककडे बघा जरूर, पण आधी ताटात. आपल्या धान्य-कडधान्यात झिंक असतं पण त्यातल्याच फायटेट नावाच्या घटकामुळे अंगाला कमी लागतं, म्हणून मटकीला मोड आणायचे, इडलीचं पीठ आंबवायचं, आपल्या आज्यांना हे न वाचताच माहीत होतं. भोपळ्याच्या बिया, तीळ, शेंगदाणे, बाजरीची भाकरी यात मॅग्नेशियमही येतं. मी स्वतः वर्षभर झिंक खाल्लं, दम काही सुधारेना, शेवटी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासलं तर लोह तळाला गेलेलं. आणि दादा, मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर झिंक किती ते वाचलंत का? झेडएमएच्या पुरुषांच्या डोसात साधारण ३० मिग्रॅ असतं, वरची मर्यादा दिवसाला ४०. रोज त्याच्यावर गेलं की तांबं शोषलं जात नाही, महिनोन्महिने चाललं तर त्यानेच रक्त कमी होतं. थायरॉइडची किंवा अँटिबायोटिकची गोळी चालू असेल तर ही बरोबर घेऊ नका, डॉक्टरांना विचारून अंतर ठेवा.

पोटरीत_गोळा:
ताई आत्ता पाकीट बघितलं, मल्टिव्हिटॅमिनमध्येच १५ आहे म्हणजे ४५ झाले असते. कोचला विचारतो तर म्हणे "घामात निघून जातं" 🤦 बरं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत भरून घेतो आणि रविवारी १२ च्या पुढे हळू पळून बघतो. फेरिटिन उपाशीपोटी करायचं का?