मदत हवी आहे: गोव्यात राहून तीर्थनच्या ट्राउटची तयारी कशी करावी?

वाळवंटीकाठ

नमस्कार. मार्चअखेरीस काकांना घेऊन हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट गरवायला जायचं ठरवलंय. तयारी मात्र इथे गोव्यात, साखळी गावातच करावी लागणार, आणि गाडी तिथेच अडली आहे.

काका ६८ वर्षांचे. उभं आयुष्य वाळवंटीच्या काठी गरी घालण्यात गेलं. बांबूची लांब काठी, टोकाला बांधलेली दोरी, गळाला गांडूळ. रीळ कधी हातात धरलं नाही. पावसाळ्यात चढणीचे मासे कुठल्या खडकाआड दम घेत असतील हे ते नुसतं पाणी बघून सांगतात. बर्फाची नदी त्यांनी पाहिलेली नाही आणि ती दाखवायची माझी फार इच्छा आहे. गुडघे साथ देताहेत तोवर.

मी फ्लायची (किड्यासारखा दिसणाऱ्या हलक्या नकली गळाची) दांडी घेतली आहे: पाच नंबर (नंबर वाढेल तशी दांडी दणकट), नऊ फूट, तरंगणारी दोरी. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला संथ पाण्यावर फेक बरी जाते. वाहत्या पाण्यावर मात्र फ्लाय टेकते न टेकते तोच मधल्या धारेत दोरीला पोट येतं, फ्लाय फरफटत जाते आणि मागे पाण्यावर रेघ उमटते. जितकं लांब फेकावं तितकं हे वाढतं. ट्राउट अशा फ्लायकडे बघणारही नाही, हे वाचून माहीत आहे. उपाय काय, आणि त्याचा सराव गोव्यात कुठे करता येईल?

आणखी एक. हीच दांडी नंतर मांडवीत चणकासाठी (खाडीतल्या मोठ्या, ताकदवान माशासाठी) चालेल का? आणि काकांना या वयात रीळ, दोरी, फेक हे सगळं नव्याने शिकवावं का? त्यांनी काठावर बसून माझं बघत राहावं असं मला अजिबात वाटत नाही.

खाडीकाठ

ताई, चणकाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. चालणार नाही. चणक गळ लागल्यावर थेट खारफुटीच्या मुळांत किंवा मानशीच्या (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) लाकडांत घुसतो. त्याला तिथून वळवायला आठ-नऊ नंबरची दांडी आणि पुढे जाड नायलॉन लागतं. शिवाय खारं पाणी साध्या रिळाला खाऊन टाकतं. आणि कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला सरावाला जाणार असाल तर पाण्यात उतरू नका. तिथे मगरी आहेत, हे सगळ्यांना माहीत असूनही लोक कमरेपर्यंत पाण्यात उभे राहतात.

दोरी विकत घेताना ती थंड पाण्यासाठीची आहे ना ते बघा. थंड पाण्याची दोरी आपल्या उन्हात मऊ, चिकट होते आणि दांडीच्या कड्यांतून सरकत नाही. उलट आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी बनवलेली दोरी तिकडच्या पाण्यात ताठ होऊन वेटोळी धरते. तुमची तिकडची असेल तर सराव सकाळी लवकर करा. दुपारी दोरी नीट चालली नाही म्हणून स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. दुपारी समुद्रावरचा वाराही सुटतो.

सह्यपायथा

मी काही वर्षं कुलूकडे नोकरीला होतो, आता गोव्यात सत्तरी तालुक्यात असतो. तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, पण जोराच्या धारेत नाही. दगडाच्या पुढे किंवा मागे, जिथे पाणी मंद असतं तिथे तो थांबतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारा किडा टिपतो. म्हणजे तुमच्या आणि माशाच्या मध्ये नेहमी एक वेगवान पट्टा असतो. दोरी त्या पट्ट्यावर पडली की ती पुढे पळते आणि मंद पाण्यातल्या फ्लायला ओढून नेते. खरा किडा पाण्याच्याच चालीने वाहतो. त्यातला फरक माशाला लगेच कळतो.

यावर दोन उपाय. पहिला: फ्लाय टेकताच दांडीचं टोक उचलून दोरीचं पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटवायचं. फ्लाय जागची हलता कामा नये, हीच त्यातली कसोटी. दुसरा उपाय मला जास्त पटतो: लांब फेकूच नका. खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून, दगडांच्या आडोशाने जवळ जा, दांडी उंच धरा आणि दोरी पाण्याला टेकूच देऊ नका. फक्त शेवटचं बारीक नायलॉन आणि फ्लाय पाण्यात. डोंगरातल्या नदीवर दोन दांड्यांच्या अंतरात बहुतेक काम भागतं. व्हिडिओतली लांब फेक मोठ्या तळ्यांवर आणि समुद्रावर शोभते.

आता काकांचं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं आहे! लांब काठी, टोकाला बांधलेली दोरी, रीळ नाही, पाणी वाचून नेमक्या जागी गळ सोडायचा. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर याच पद्धतीने फ्लाय वापरून मासे धरतात, तिला तेनकारा म्हणतात. तेनकाराची घडीची दांडी साधारण बारा फुटांची असते, वजनाला हलकी, आणि दोरी टोकालाच बांधायची. काकांना ती द्या. गांडुळाऐवजी फ्लाय आणि थोडं हलकं मनगट, एवढंच त्यांना नवं असेल. पाण्याबद्दल त्यांना शिकवायला जाऊ नका. उलट तुम्हीच त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांची नजर कुठे जाते ते बघा.

सरावासाठी फ्लायच्या जागी लोकरीचा लालभडक तुकडा बांधा, गळ नको. शेजारी एक सुकं पान सोडा. लोकर आणि पान बरोबर वाहत गेली की जमलं. पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळून धार टिकून असते तेव्हा, साधारण ऑक्टोबरपासून, वाळवंटीवर बंधाऱ्याच्या खालची खडकाळ जागा किंवा खांडेपार नदीचा काठ चांगला. सत्तरीत म्हादईवर येणार असाल तर अभयारण्याची हद्द गावात विचारून घ्या. हद्दीच्या आत गळ टाकायचा नाही. मागे झाडं असतील तर दोरी मागे न नेता पुढच्या पुढे गुंडाळत टाकायची फेक शिका, तीर्थनच्या काठीही झाडं आहेतच.

हिमाचलात ट्राउटचं पाणी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतं, तो त्यांच्या विणीचा काळ. त्यामुळे तुमचा मार्चअखेर योग्यच. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ. परवाना मत्स्य खात्याकडून घ्यावा लागतो, किती आणि केवढे मासे ठेवता येतील ते तिथेच विचारून घ्या. फ्लाय म्हणाल तर बुडणाऱ्या जास्त न्या. ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. रंगीत चष्मा पोलराइज्ड हवा, त्याशिवाय पाण्याच्या आतलं दिसत नाही.

वाळवंटीकाठ

दादा, मनापासून आभार. तेनकाराचं मला ठाऊकच नव्हतं. काकांना वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, "मग माझी बांबूची काठीच का नाही न्यायची?"

एक अवघड गोष्ट विचारते. काकांच्या लेखी धरलेला मासा घरी येतो आणि त्याचं हुमण होतं. मासा धरून परत सोडणं त्यांना त्या माशाचा छळ वाटतं. मला सोडायचा आहे. दोघांनाही पटेल असं काही आहे का?

सह्यपायथा

काकांचं म्हणणं मला अगदी चुकीचं वाटत नाही. ब्राउन ट्राउट मुळात हिमालयातला नाहीच. ब्रिटिश काळात, १९०० च्या सुमारास त्याची अंडी काश्मीरला आणली आणि १९०९ मध्ये तो कुलूत आला. त्या नद्यांचा स्वतःचा मासा वेगळा, त्याचं नावच 'असला', आणि त्याच्या वाट्याचं खाणं नि जागा या पाहुण्याने घेतली. तेव्हा परवान्यात बसणारा एखादा ट्राउट ठेवला तर नदीचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. तो 'असला' मासा गळाला लागला तर मात्र सोडाच.

पण आज तिथल्या होमस्टेवाल्यांचं पोट नदीत ट्राउट असण्यावरच आहे, म्हणून मी स्वतः सोडतो. खायला खोऱ्यातल्या मत्स्यशेतीतला रेनबो ट्राउट मिळतो. काकांना तो घेऊन हुमण करू द्या, कोकम आणि तिरफळं इथूनच न्या.

सोडायचा असेल तर छळ कमी करता येतो. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका, हात ओले करून मगच मासा धरा आणि पाण्याबाहेर काढूच नका. प्रवाहाकडे तोंड करून हलकेच आधार द्या, स्वतः पोहून निघेपर्यंत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि पुढे त्याला रोग लागतो. काकांना हे कारण सांगा, हातात मासा धरणाऱ्या माणसाला ते लगेच पटेल.

बांबू नेऊ नका, रेल्वेत आणि डोंगरातल्या बसमध्ये हाल होतील. इथल्या सरावाला मात्र तीच वापरा.

वाळवंटीकाठ

ठरलं तर. काका बांबूवर, मी माझ्या पाच नंबरवर, आणि लोकरीचा तुकडा दोघांनाही. मडगावहून गोवा संपर्क क्रांतीने थेट चंदीगड आणि पुढे औटपर्यंत बसने जायचं मनात आहे. आता एवढंच सांगा: औटहून बंजारमार्गे गुशैणीच्या बाजूला जाताना, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाण्यात न उतरता काठावरच्या सपाट दगडांवरून फ्लाय सोडता येईल असा नदीचा भाग कुठल्या गावाजवळ आहे? मुक्काम त्याच गावात करेन.