पंधरा वर्षे पूर्ण होणाऱ्या खासगी मोटारीच्या पासिंगपूर्वी काय तपासून घ्यावे?

चोडणवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे वडिलांच्या नावावर असलेली एक पेट्रोल मोटार आहे. तिची नोंदणी 2011 च्या ऑक्टोबरमधील असल्यामुळे या ऑक्टोबरमध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण होतील. गाडीचे इंजिन उत्तम चालते आणि वडिलांना ती विकायची नाही. मात्र आम्ही गोव्यातील चोडणला राहतो आणि रोज रायबंदरच्या फेरीबोटीने ये-जा करतो. भरतीच्या वेळी धक्क्यावर खारे पाणी चढलेले असते आणि चाके त्यातूनच जातात, त्यामुळे गाडीच्या पोटाला बराच गंज चढला आहे. एका गॅरेजने सुचवले की गंजलेल्या जागी पुटी भरून वरून काळा रंग मारावा, म्हणजे पासिंगला (नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीला) काही अडचण येणार नाही. हे मला पटलेले नाही. तपासणीत नेमके काय पाहिले जाते, कोणती कागदपत्रे लागतात आणि गंजाचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

परिवहन_अभ्यासक

आपण वेळेवर विचारले, हे चांगले झाले. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 41 नुसार खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. त्यासाठीचा अर्ज नमुना 25 मध्ये करावा लागतो आणि मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून तो करता येतो. गाडी पंधरा ते वीस वर्षांच्या टप्प्यात असेल तर हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये आहे. मुदत उलटल्यास दर महिन्याला 500 रुपये विलंब शुल्क लागते, म्हणून ऑक्टोबर उजाडण्याची वाट पाहू नये. मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणणे हा कलम 192 खालील गुन्हा आहे, हेही वडिलांना सांगून ठेवावे.

कागदपत्रांत मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), चालू विमा, चालू पीयूसी (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र) आणि चासी क्रमांकाचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा) पेन्सिलने घेतलेला ठसा ही मुख्य. गाडीवर पूर्वी कर्ज असेल आणि आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल, तर तो आधी उतरवून घ्यावा. सीएनजी किट मागाहून बसवले असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची दाब चाचणी झालेली असली पाहिजे. कलम 52 मुळे मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाहीत. पुढच्या बाजूला बसवलेले लोखंडी गार्डही त्यातच मोडतात, तेव्हा असल्यास काढून ठेवावेत.

प्रत्यक्ष तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, काचा, सायलेन्सर, स्पीडोमीटर आणि टायर हे सर्व पाहिले जाते. यातील काही गोष्टींना नियमांत स्पष्ट आकडे दिलेले आहेत. टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी. स्टिअरिंगचा मोकळा खेळ, म्हणजे गाडीची चाके न वळता ते जितके फिरते तो, 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी 13 मीटरच्या आत थांबली पाहिजे. पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. काचांवर जुनी काळी फिल्म असेल तर ती खरवडून काढल्याशिवाय गाडी नेऊ नये.

गॅरेज_म्हापसा

वरच्या उत्तरात नियम नीट आले आहेत, म्हणून मी फक्त गंजाविषयी लिहितो, कारण किनारपट्टीवरच्या जुन्या गाड्यांत खरे काम तेथेच असते. पुटी आणि काळ्या रंगाचा सल्ला कृपया मानू नका. गंज पुटीखाली वाढतच राहतो, आणि पुटी भरलेला पत्रा दिसायला सपाट असला तरी अपघाताच्या वेळी तो कागदासारखा फाटतो. आपल्या वडिलांना त्याच गाडीत आणखी पाच वर्षे बसायचे आहे.

गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि स्वतः खाली उभे राहून पाहा. मेकॅनिकला एक जाड पेचकस घेऊन पुढील जागा टोचून दाखवायला सांगा: दोन्ही सिल (दाराखालच्या लांब पट्ट्या), जॅक लावायच्या जागा, पायाखालचा फ्लोअर, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जेथे बसतात तो भाग आणि ब्रेकचे लोखंडी पाइप. पत्रा खणखणीत वाजला आणि पेचकस अडला, तर तो वरवरचा गंज समजावा. तो तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर देऊन वर अंडरकोटिंग (गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप) केले की पुरते. मात्र पेचकस आत शिरला आणि तपकिरी पापुद्रे गळू लागले, तर तेवढा पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणे हाच उपाय आहे. सिल आतून पोकळ असते आणि फेरीच्या धक्क्यावरचे खारे पाणी तिच्यात साचते. पाणी निचरा होण्यासाठी खाली ठेवलेली भोके चिखलाने बुजलेली असतील तर ती आधी मोकळी करा. ते न करता अंडरकोटिंग केले तर पाणी आतच कोंडून राहते आणि पत्रा दुप्पट वेगाने खाल्ला जातो.

ब्रेकच्या पाइपांना माझ्या मते सर्वांत आधी हात लावावा. बाहेरून खवले धरलेला पाइप जोरात ब्रेक दाबल्यावर फुटू शकतो, आणि तो बदलण्याचा खर्च पत्र्याच्या कामापेक्षा पुष्कळ कमी आहे. हँडब्रेकची केबलही याच खाऱ्या पाण्याने आवळून बसते, तेव्हा चढावर गाडी उभी करून ती धरते का ते पाहावे.

चासी क्रमांकाची जागा आजच शोधून ठेवा. काही गाड्यांत तो इंजिनामागच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली गालिच्याच्या आत. तेथे गंज असेल तर वायर ब्रश किंवा ग्राइंडर मुळीच लावू नये, कारण अंक पुसट झाले की निरीक्षकाला आरसीशी ताळा घालता येत नाही आणि मग साध्या कामाला मोठे वळण लागते. तेलाचा बोळा फिरवून मऊ कापडाने पुसावे, तेवढ्याने अंक उघडे पडतात.

टॅक्सीचालक_वास्को

आम्हा टॅक्सीवाल्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. दिव्यांचा फोकस आणि पीयूसी या दोन बाबी लोक शेवटच्या दिवसावर टाकतात. आरसीवर भारत स्टेज 3 (गाडीचे प्रदूषण मानक) लिहिलेले असेल तर पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के व हायड्रोकार्बनची 750 पीपीएम (दहा लाख भागांतील भाग) आहे. भारत स्टेज 4 असेल तर हेच आकडे 0.3 टक्के व 200 पीपीएम होतात. स्टेज 3 च्या गाडीचे पीयूसी सहा महिनेच चालते, स्टेज 4 चे एक वर्ष, म्हणून तारीख नीट पाहावी. एअर फिल्टर व प्लग बदलून, इंजिन पुरेसे गरम झाल्यावरच चाचणी करावी. सायलेन्सर गंजून फुटला असेल तर आधी तो बदला, नाहीतर आवाजावरून गाडी परत पाठवली जाईल.

चोडणवासी

सर्वांचे मनापासून आभार. आज गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली. डाव्या सिलमध्ये पेचकस सरळ आत गेला, उजवी सिल मात्र शाबूत आहे. मागचा एक ब्रेक पाइपही खवले धरलेला दिसला. चासी क्रमांक स्पष्ट वाचता येतो. डाव्या सिलचा पत्रा कापून बसवण्याचे वडिलांनी मान्य केले आहे. हे काम पावसाळ्यात करावे की पाऊस ओसरण्याची वाट पाहावी?

गॅरेज_म्हापसा

ब्रेक पाइप या आठवड्यातच बदला आणि तोवर गाडी काढू नका. दमट हवेत वेल्डिंगच्या सांध्यावर काही तासांत गंज धरतो, म्हणून पत्र्याचे काम चतुर्थीनंतर उघडीप मिळेल तेव्हा बंद शेडमध्ये करून घ्या. सांध्यावर त्याच दिवशी प्रायमर मारून घ्या आणि सिलच्या आतल्या पोकळीत भोकांतून मेण फवारून घ्या. अर्ज मात्र साठ दिवसांची मुदत सुरू होताच करून ठेवा आणि काम पूर्ण झाल्यानंतरची तपासणीची तारीख घ्या.