उतारावर छोटा ट्रॅक्टर कलंडता कलंडता राहिला, टायरात पाणी भरू की चाकं रुंद करू?

जांबोटीकडचा
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडं साडेतीन एकर काजू हाय, सगळं उताराचं रान, खाली ओढ्यापर्यंत. गेल्या वर्षी दिवाळीला २४ एचपीचा छोटा फोर व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टर घेतला, मागं चार फुटी रोटावेटर, कारण गवत काढायला माणसं मिळंनात आणि मिळाली तरी दुपारी तीनला घरी. परवा सकाळी दंव पडलेलं, झाडांच्या दोन ओळींमधनं आडवा चाललोय, वरच्या अंगाचं मागचं चाक जांभ्या दगडावर चढलं आणि त्याच टायमाला खालचं चाक एका झाडाच्या आळ्यात उतरलं. वरचं चाक दगड सोडून हवेत गरगर फिरालंय, सीटखालचा पाना घरंगळत थेट ओढ्यात. काय सुचलं नाही, स्टेअरिंगवरचा हात आपोआप खालच्या अंगाला वळला आणि चाक धप्पकन बसलं. दहा मिनिटं उतरून नुसता उभा होतो, पाय लटलट. बाबा बांधावरनं बघालते, ते म्हणतात विकून टाक, या रानात बैल कधी आडवा झालाय काय.
तर विचारायचं हे की चारी टायरात पाणी भरू का? की चाकं बाहेर काढून रुंद करू? एकजण म्हणाला वरच्या मडगार्डवर वाळूची पोती टाक. रोल बार, म्हणजे सीटमागची ती लोखंडी कमान, पाडूनच चालवतो, फांद्या लागतात म्हणून.

गॅरेज निपाणी
भावा, हात खालच्या अंगाला वळला म्हणून तू आज टाईप करालायस. घाबरलेला माणूस बहुतेक वेळा वर वळवतो, म्हणजे कलंडायला आणखी धक्का. खाली वळवायचं आणि अवजार जमिनीवर सोडायचं, एवढंच. क्लच दाबला नाहीस हे पण बरं झालं.
पोती अजिबात नको. वजन जेवढं उंचावर तेवढं ट्रॅक्टर लवकर झोपतोय. पाणी भर, पण फक्त मागच्या दोन्हीत. चाक जॅकवर उचल, व्हॉल्व्ह एकदम वर घे, पाणी भरत जा, व्हॉल्व्हातनं उलटं यायला लागलं की थांब. टायर साधारण पाऊण भरतोय, वरचा पाव भाग हवेला ठेवायचाच. ८.३-२४ चा टायर असंल तर एकात साठ लिटरच्या आसपास बसतंय, म्हणजे दोन्ही मिळून सव्वाशे किलोच्या जवळपास, आणि सगळं खाली. साडेसातशे-आठशे किलोच्या गाडीला हे कमी नाही. बाहेरच्या थंड देशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात, आपल्याला साधं विहिरीचं चालतंय. त्यानंतर हवा दोन्हीकडं सारखी बघ. खालच्या अंगाचा टायर थोडा जरी बसला असला तरी उतार वाढल्यासारखंच हाय.
पुढच्यात का नको, तर पुढचा एक्सल मधल्या एका पिनेवर झुलतो. त्यामुळं आडवं कलंडताना तुझा ट्रॅक्टर चार पायांचा नसतोच, तिवईसारखा तीन पायांचा असतो, मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. पुढच्या टायरातलं पाणी त्या वेळी काही धरत नाही. पुढं वजन लागतं ते वेगळ्या कामाला, रोटावेटर उचलून चढताना तोंड वर होऊ नये म्हणून.

उद्यमबागचा पोरगा
वरच्या दादांचं बरोबर हाय, पण माझं मत आधी चाकं रुंद कर, फुकटात होतंय. मागच्या रिमची डिस्क उलटी टाकून किंवा रिमचे बोल्ट दुसऱ्या भोकात घेऊन गाळा, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, वाढतो, मॅन्युअलमध्ये सेटिंगचं चित्र असतंय. डावं चाक उजवीकडं टाकलंस तर टायरची नक्षी उलटी फिरत नाही ना बघ, आणि दोन-तीन तास काम झालं की नट परत आवळ, नाहीतर ढिले होतात.
हिशोब सांगतो. गाळा ३० इंच आणि गाडीचा वजनाचा मध्य जमिनीपासून २४ इंच धरला तर कागदावर ३२ डिग्रीला कलंडणार. गाळा ३६ केलास की तेच ३७ डिग्री. पण हे उभ्या गाडीचं, सपाट फळीवरचं. चालत्या गाडीला एक दगड आणि एक खड्डा मिळाला की निम्मंच उरलं समज, तुझं परवा तेच झालं. वळणावर स्पीड डबल केला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो.
बिडाची वजनं लावायची असली तर आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्र्यांना तोटा नाही, पण रिमच्या भोकांचं माप घेऊनच ये, आणि कंपनीनं लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त लावू नको, बेअरिंग जातंय. पुढचं वजन पुरतंय का बघायला एक सोपी युक्ती, कारखान्याच्या काट्यावर रोटावेटर उचलून फक्त पुढची चाकं चढव. अवजारासकट पूर्ण वजनाच्या वीस टक्के तरी पुढं पाहिजे.

लाल माती
मी कुद्रेमनीचा, वय झालंय, टायपिंग हळू. सगळ्यांनी ट्रॅक्टर सरळ कसा राहील ते सांगितलं, उतारावर रोटावेटर कशाला हे कुणी विचारलं नाही. ओ जांबोटीवाले, तुमच्याकडं पाऊस केवढा पडतो! कणकुंबीकडनं येणारं आभाळ तुमच्याच डोक्यावर रिकामं होतं. काजूची बारीक मुळं वरच्या वरच असतात, ती कापायची आणि मोकळी माती जूनमध्ये ओढ्याला द्यायची, हे काय काम. गवत नुसतं कापा, मुळं राहू देत, कापलेलं झाडाच्या बुडात टाका. गवत कापायचं अवजार हलकं पण असतं.

गॅरेज निपाणी
काका मुद्दा एक नंबर. पण एक अडचण हाय, ट्रॅक्टर उतारावर उभा चालवला तर सेफ, आडवा चालवला तर धोका. आणि मातीच्या हिशोबात बरोबर उलटं, उभं नांगरलं की ओघळ पडतात.

लाल माती
म्हणूनच तर म्हणतो जमीन उकरू नका. नुसतं कापायचं असलं की उभं चालवलं तरी माती हलत नाही. दोन्ही भांडणं मिटली.

चंदगडी
आमच्याकडं पण काजूच, रान तसंच. दोन गोष्टी राहिल्या. जास्त चढ असला की रिव्हर्समध्ये चढायचं, उतरताना तोंड खाली. उतरताना फोर व्हील टाकूनच, लो गिअर आधी टाकून, मध्ये न्यूट्रल नाही. टू व्हीलला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो आणि उतरताना वजन सगळं पुढं गेलेलं, मागची चाकं नुसती घसरतात, त्यात तो बारीक मुरूम म्हणजे पायाखाली गोट्या. दोन्ही ब्रेकची पेडलं पट्टीनं जोडलेली पाहिजेत, एकच दाबला गेला की गाडी गिरकी घेते.
दुसरं, साखळी. माझ्या चुलत्यानं वठलेलं आंब्याचं खोड ओढायला साखळी टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, जागेला बांधली. खोड अडकलं आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा मागं उभा राहिला. दीड सेकंद पण नाही लागला, क्लचवर पाय जायच्या आत पाठीवर पडला. रोल बार उभा होता आणि पट्टा लावलेला म्हणून चुलता आज चहा पितोय. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच. तुमचा बार पाडलेला असताना पट्टा लावू नका, अडकून खाली सापडाल, पण बार पाडून उतारावर जाऊच नका हे जास्त खरं. फांद्या छाटा की ओ.

जांबोटीकडचा
सगळ्यांना धन्यवाद. गेले चार दिवस हेच करालोय. गवंड्याकडनं लेव्हलची नळी आणली, दर एक मीटरला किती उतार ते मोजलं. वरच्या दोन एकरात १४-१५ सेंटिमीटर, म्हणजे ८ डिग्रीच्या आसपास. ओढ्याकडच्या पट्ट्यात ३१, १७ डिग्री! परवा मी तिथंच होतो, डोळ्याला कधी एवढा वाटला नव्हता. तो पट्टा आता ट्रॅक्टरला बंद, ब्रश कटरनं करायचं. वर पण सकाळी दंव वाळल्याशिवाय गाडी काढत नाही.
खालच्या फांद्या छाटल्या, बार उभा केला, बाबांनी स्वतः कोयता घेतला, पण बैलाचा विषय सोडला नाही. चाकं रुंद करून घेतली. काका, रोटावेटर उतरवून ठेवला, गवत कापायचं अवजार एकाकडनं भाड्यानं बघालोय.
आता पाणी तेवढं राहिलं. व्हॉल्व्हला लावायचं ते दोन तोंडांचं नोजल, ज्यातनं पाणी आत जातंय आणि हवा बाहेर येते, ते खानापुरात दोन दुकानात विचारलं, त्यांनी माझ्याकडंच बघितलं.

गॅरेज निपाणी
माझ्याकडं हाय. रविवारी सकाळी ये, तासाभरात दोन्ही भरून देतो. गाडी टेम्पोत घालून आण, हायवेनं चालवत येऊ नको. आणि येताना काजूगर आण बाबा, फुकट नको, पैसे देतो.