नाइनर्सचे रिसीव्हर: याला दुर्दैव म्हणू नका, हा समजून उमजून घेतलेला धोका आहे

सोनेरी_फोर्टीनाइन
७ सप्टेंबरला सिएटलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा २०२५चा सीझन सुरू होतोय आणि आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे आज छातीठोकपणे "हा खेळणार" असं म्हणावं असा मोठा रिसीव्हर (पुढे पळून बॉल पकडणारा) एकच आहे, रिकी पिअर्सॉल. बाकीच्यांचं बघा. ब्रँडन आयुक पप लिस्टवर (दुखापतीमुळे खेळू न शकणाऱ्यांची यादी), म्हणजे पहिले चार सामने नियमानेच बाहेर. जुआन जेनिंग्सची पोटरी दुखावलेली, कॅम्पचा बराचसा भाग बाजूला उभं राहण्यात गेला आणि वर कराराची कुरबुर चालूच. डेमार्कस रॉबिन्सन तीन सामने सस्पेंड. जेकब काउइंगची हॅमस्ट्रिंग. यंदाचा नवीन पोरगा जॉर्डन वॉटकिन्स, त्याचा ब्राँकोजविरुद्धच्या प्रीसीझन मॅचमध्येच घोटा गेला. एवढं सगळं झाल्यावर ऑगस्टच्या उत्तरार्धात चीफ्सकडून स्काय मूरला ट्रेड करून आणलं.

आता जो तो म्हणतोय नशीबच खराब. मला हे अजिबात मान्य नाही. आयुकचा गुडघा गेला २० ऑक्टोबर २०२४ला, एसीएल आणि एमसीएल हे दोन्ही लिगामेंट. अशा गुडघ्याला नऊ महिने ते वर्ष लागतं हे कुणालाही माहितीये, म्हणजे सप्टेंबर २०२५ला तो नसेल हे मार्चमध्येच धरून चालायला हवं होतं. आणि त्याच मार्चमध्ये आपण रिसीव्हर डीबो सॅम्युअलला ड्राफ्टमधल्या, म्हणजे दर वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या, पाचव्या राउंडच्या एका पिकसाठी वॉशिंग्टनला देऊन टाकलं! मग ड्राफ्टमध्ये अकरा पिक होते, त्यातले पहिले पाचच्या पाच डिफेन्सवर, पहिला रिसीव्हर घेतला तो चौथ्या राउंडमध्ये १३८ नंबरला. दोन मुख्य माणसं नाहीत हे माहीत असताना तिसऱ्याच्या पोटरीवर अख्खं ऑफेन्स टांगून ठेवायचं आणि ती पोटरी दुखावली की नशिबाला बोल लावायचा, हे बरोबर नाही. क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर दिलेत ना, मग तो बॉल फेकणार कुणाला ते पण बघा की.

टास्मन_ड्राइव्ह
साफ असहमत. डीबोबद्दल लोक अजून २०२१च्या आठवणीतच जगतात. तेव्हा १४०५ यार्ड रिसीव्हिंग, वर धावून आठ टचडाउन, ऑल प्रो म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड, सगळं खरं. पण २०२४ला ६७० यार्ड आणि तीन टचडाउन. टॅकल मोडून पळायची ती ताकद गेल्या वर्षी दिसलीच नाही. आणि ट्रेड त्यानेच मागितला होता, आपण हाकललं नाही. वॉशिंग्टनने त्याचा साडेसतरा लाख नव्हे, साडेसतरा मिलियनचा म्हणजे पावणेदोन कोटी डॉलरचा पगार पूर्ण उचलला, म्हणून पिक पाचव्या राउंडचा मिळाला. तेवढा पगार घेणारा, उतरणीला लागलेला २९ वर्षांचा खेळाडू, याहून जास्त कोण देणार होतं?

आणि डिफेन्सवर पाच पिक का घातले? कारण तिथे खिंडार पडलं होतं. ग्रीनलॉ आणि हुफांगा डेन्व्हरला, चार्व्हेरियस वॉर्ड कोल्ट्सकडे. गेल्या वर्षी ६-११ झालो ते फक्त रिसीव्हरमुळे झालो का? डिफेन्सचा कोच रॉबर्ट साला परत आलाय, त्याला माणसं नकोत?

हेड कोच शॅनाहनचं ऑफेन्स कधीच बाहेरच्या रिसीव्हरवर उभं नव्हतं. टाइट एंड (ब्लॉकही करणारा आणि बॉलही पकडणारा) जॉर्ज किटल १११०च्या आसपास, नेमकं सांगायचं तर ११०६ यार्ड गेल्या वर्षी, आठ टचडाउन. बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक मॅकॅफ्री यंदा कॅम्पमध्ये धडधाकट आहे. फुलबॅक जसचेक आहे. या तिघांवर पहिला महिना आरामात निघतो.

सोनेरी_फोर्टीनाइन
टास्मन, तुम्ही ज्यांची नावं घेतलीत त्यांची वयं पण घ्या. किटल ऑक्टोबरमध्ये ३२चा होतोय. मॅकॅफ्री २९, २०२३ला ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर होता, धावून आणि पकडून मिळून २०२३ यार्ड काढले होते, आणि पुढच्याच वर्षी चारच सामने. आधी अकिलीस (टाचेमागची शीर), मग बफेलोच्या बर्फात गुडघा. पर्डीला वाचवणाऱ्या लाइनमध्ये डावीकडे ट्रेंट विल्यम्स ३७चा. म्हणजे रिसीव्हर नाहीत म्हणून भार टाकायचा कुणावर, तर ज्यांना जपायला हवं त्यांच्यावरच!

आणि नुसतं नावांनी चालत नाही. बाहेरून कुणी खोल पळून घाबरवणारा नसेल तर समोरचा सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचा सगळ्यात मागचा माणूस, खाली उतरतो, बॉक्समध्ये म्हणजे लाइनजवळ आठ माणसं उभी राहतात आणि मॅकॅफ्रीला पळायला फटच उरत नाही, किटलवर दोघं दोघं चिकटतात. रिसीव्हर बॉल पकडत नसला तरी त्याच्या नुसत्या असण्याने जागा मोकळी होते, आयुक हेच करायचा, २०२३ला १३४२ यार्ड काढले ते वेगळेच. पैशाचं म्हणाल तर पर्डीचा करार मोठा असला तरी या वर्षी कॅपवर (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) त्याचा भार एक कोटीच्या आतच आहे. एखादा अनुभवी, तब्येतीने भरवशाचा रिसीव्हर घ्यायला हेच वर्ष होतं.

बेलव्ह्यूचा_बारावा
सीहॉक्सवाला बोलतोय, राहवलं नाही. आम्ही पण याच मार्चमध्ये डीके मेटकाफला सोडलं, पण स्टीलर्सकडून दुसऱ्या राउंडचा पिक घेतला. लॉकेटलाही जाऊ दिलं. पण आमच्याकडे जॅक्सन स्मिथ एनजिग्बा तयार होता, गेल्या वर्षी बरोब्बर शंभर कॅच, आणि वरून कूपर कप आणला. म्हणजे सोडायचं तर हाताशी दुसरा आहे का बघून सोडायचं. सोनेरी यांचा मुद्दा मला पटतो, आणि ७ तारखेला आमचे कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरला अडवणारे, तुमच्या दुसऱ्या फळीतल्या पोरांना हलू देणार नाहीत हे लिहून ठेवा.

टास्मन_ड्राइव्ह
बेलव्ह्यू, मेटकाफ २७ वर्षांचा, त्याची आणि डीबोची किंमत एक कशी होईल. आणि तुमचा नवीन क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड २०२३ला आमच्याच बाकावर होता, शॅनाहनला त्याची प्रत्येक सवय माहितीये. आमच्या डिफेन्समधले बोसा आणि वॉर्नर शाबूत असताना तुम्ही वीस पॉइंट करून दाखवा आधी.

कोथरूडची_किटलफॅन
मी पुण्यातून बघते, सिएटलची मॅच इकडे सोमवारी पहाटे दीड वाजता, म्हणजे १:३५ला सुरू होणार, आणि सकाळी ऑफिस असलं तरी मी बघणारच. सगळे "एकच रिसीव्हर उरला" असं म्हणतायत, तो एकच कोण आहे ते तरी बघा ना. ३१ ऑगस्ट २०२४ला युनियन स्क्वेअरमध्ये लुटायला आलेल्याने पिअर्सॉलच्या छातीत गोळी घातली. छातीतून आरपार, आतल्या अवयवांना धक्का नाही. तो पोरगा २० ऑक्टोबरला मैदानात उतरला, ज्या मॅचमध्ये आयुकचा गुडघा गेला नेमक्या त्याच मॅचमध्ये! पहिले काही आठवडे चाचपडला, कॅम्प नाही, सराव नाही, कसा खेळणार. पण डिसेंबरअखेर लायन्सविरुद्ध आठ कॅच, १४१ यार्ड, एक टचडाउन. तेव्हा त्याचं पळणं बघितलंत का, कॉर्नर अजून मागे सरकतोय तोवर हा कमरेत वळून आत शिरलेला असायचा आणि पर्डी बॉल सोडून मोकळा. अकरा सामन्यांत ४०० यार्ड हा आकडा लहान वाटतो पण त्यातला निम्मा सीझन तर त्याला श्वास घ्यायला गेला. मी म्हणते यंदा हा हजार करणार.

आणि मुख्य खेळाडू नाही म्हणजे सगळं संपलं असं नसतं हो. आत्ताच क्रिकेटमध्ये इंग्लंडला बघितलं ना, बुमरा पाचातल्या तीनच टेस्ट खेळला आणि आपण ज्या दोन जिंकलो, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्या दोन्हींत तो नव्हता.

सोनेरी_फोर्टीनाइन
किटलफॅन, पिअर्सॉलबद्दल एक शब्द वाकडा नाही, जीव आहे त्याच्यावर. पण तुमच्याच उदाहरणात बघा, बुमरा नव्हता तेव्हा सिराज होता आणि तो पाचही खेळला. आपला सिराज कोण? पिअर्सॉलची स्वतःची हॅमस्ट्रिंग या वसंतात दुखावली होती, कॅम्पची सुरुवात त्याने पण पप लिस्टवरूनच केली. त्याला पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक स्नॅपला, म्हणजे प्रत्येक खेळीत पळवलं तर आठवडा सहाला काय होईल याची मला खरंच भीती वाटते. आणि पहिले दोन्ही सामने बाहेर, सिएटल आणि न्यू ऑर्लिन्स, दोन्हीकडे कृत्रिम टर्फ. आपल्या लीवाइजवर निदान खरं गवत आहे.

निळा_सोफा
जेनिंग्सच्या पोटरीवर माझा तरी विश्वास नाही. कराराचं शेवटचं वर्ष, जुलैमध्ये नवीन करार द्या नाहीतर ट्रेड करा म्हणाला आणि मग पोटरी दुखायला लागली. पैसे मिळाले की उद्या पळेल. सातव्या राउंडचा माणूस, एक वर्ष चांगलं गेलं, ९७५ यार्ड. हजार पण नाही. यावर किती उड्या मारायच्या?

फ्रीमाँट_फिजिओ
निळा सोफा, हे असं बोलू नये. मी रोज हेच काम करते, पोटऱ्या आणि घोटे, म्हणून लिहितेय. पोटरीत दोन मुख्य स्नायू, वरचा मोठा आणि त्याच्याखालचा चपटा, दोघं मिळून खाली अकिलीसला जोडतात. रिसीव्हर जेव्हा पूर्ण वेगात पळता पळता थांबून वळतो तेव्हा सगळं वजन त्या एका पायाच्या पुढच्या भागावर येतं. खालचा स्नायू दुखावला असेल तर माणूस सरळ रेषेत छान पळतो, बघणाऱ्याला वाटतं हा बरा आहे, पण एका पायावर टाच पंचवीस वेळा उचलायला सांगा, बाराव्या पंधराव्याला पाय थरथरायला लागतो. माझ्याकडे वीकेंडला बॅडमिंटन खेळणारे आपले मराठी लोक येतात ते पण इथेच फसतात, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरतात आणि परत येतात ते जास्त मोठी दुखापत घेऊन. जेनिंग्सची नेमकी काय दुखापत आहे हे बाहेर बसून सांगता येणार नाही, पण खोटी आहे असं म्हणायलाही काही आधार नाही.

बे एरियात राहणाऱ्यांना तर हे सांगायला नको. २०१९च्या एनबीए बास्केटबॉल फायनल्समध्ये वॉरियर्सचा केव्हिन ड्युरांट पोटरीच्या दुखापतीतून परत आला आणि त्याच मॅचमध्ये अकिलीस तुटली. याच जूनमध्ये एनबीए फायनल्समध्येच हॅलिबर्टनचं तेच झालं, आधी पोटरी, मग सातव्या मॅचमध्ये अकिलीस. एका सिएटलसाठी जेनिंग्सचं अख्खं वर्ष पणाला लावू नका. दोन आठवडे उशिरा येऊ दे.

टास्मन_ड्राइव्ह
फिजिओताई, हे पटलं. पण मग हे दुर्दैवच झालं ना? पोटरी आधी कुणाला कळणार होती?

फ्रीमाँट_फिजिओ
कुणाची दुखावणार हे नाही कळत. पण कॅम्पमध्ये चार पाच जणांच्या पोटऱ्या, हॅमस्ट्रिंग दुखावणार हे दर वर्षी ठरलेलं असतं, सगळ्याच टीममध्ये. त्यामुळे माझं मत सोनेरी यांच्या बाजूने. जास्तीची माणसं आधी ठेवायची असतात.

सोनेरी_फोर्टीनाइन
अगदी हेच म्हणायचं होतं मला. आणि निळा सोफा, "एक वर्ष चांगलं गेलं" नाही हो. गेल्या वर्षी तिसऱ्या आठवड्यात रॅम्सविरुद्ध डीबो नाही, किटल नाही, मॅकॅफ्री नाही, एकटा जेनिंग्स, अकरा कॅच, १७५ यार्ड, तीन टचडाउन. तरी २७-२४ हरलो, त्यात त्याचा काय दोष. चीफ्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये याने टचडाउन फेकलं पण आणि पकडलं पण. लोक त्याला थर्ड अँड जुआन म्हणतात ते उगाच नाही, तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली तिसरी) सात यार्ड हवे असताना गर्दीत घुसून बॉल आणणारा तोच. रनच्या वेळी समोरच्या कॉर्नरला ढकलत पार बाउंड्रीबाहेर नेतो, ते काम आकड्यात येतच नाही. असा माणूस आयुक नसताना नाराज ठेवायचा? माझं म्हणणं आहे की आजच्या आज त्याचे पैसे वाढवा आणि सिएटलला खेळायला लावू नका, दोन्ही एकदम करा.

निळा_सोफा
पैसे वाढवून बाकावर बसवा? आयुकला बारा कोटींचा करार दिला त्याला वर्ष होतंय, त्यातले सात सामने आणि एकही टचडाउन नाही. परत तीच चूक नको. आधी खेळू दे, मग बघू.

कोथरूडची_किटलफॅन
आयुकने गुडघा मुद्दाम तोडला नाही हो.

टास्मन_ड्राइव्ह
ठीक आहे, मी माझा हिशोब मांडतो. सिएटल, सेंट्स, मग घरी कार्डिनल्स आणि जॅग्वार्स. रॉबिन्सन जॅग्वार्सच्या मॅचला परत येतो. आयुक लवकरात लवकर २ ऑक्टोबरला रॅम्सच्या गुरुवारच्या मॅचला, पण तीन दिवसांची विश्रांती आणि तिथलं टर्फ, त्यात त्याला आणणार नाहीत, त्यानंतरच. मी म्हणतो पहिल्या चारातले तीन जिंकतो. पिअर्सॉल, किटल, मॅकॅफ्री, आणि लूक फॅरेलला आणलंय ते दोन टाइट एंड लावून रन करायलाच. यंदाचं वेळापत्रक कागदावर लीगमधलं सगळ्यात सोपं आहे, गेल्या वर्षीच्या निकालांवरून बघितलं तर.

सोनेरी_फोर्टीनाइन
माझा हिशोब दोन-दोन. सिएटलची मॅच आपण हरणार, डिफेन्समुळे मॅच जवळ राहील पण तिसऱ्या डाउनला अडकणार. मॅकॅफ्रीला पहिल्या दोन मॅचमध्ये पंचवीस पंचवीस वेळा बॉल दिला तर मी शॅनाहनवर खरंच चिडणार आहे. स्काय मूरला निदान किक रिटर्नला तरी लावा, म्हणजे पिअर्सॉलला त्या कामाला कुणी हात लावायला सांगणार नाही.

बेलव्ह्यूचा_बारावा
सिएटल हरणार यावर एकमत झालं नाही हे बरं. मी स्टेडियममध्येच असेन, पिअर्सॉलने चांगला कॅच घेतला तर टाळी वाजवीन, जिंकू मात्र आम्हीच.