आधी थांबा, मग झुकवा
फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे फ्लाय या हलक्या नकली किड्याने मासे धरताना, लाइन पुढे फेकली की रॉड (गळाची काठी) लगेच पाण्याकडे झुकवावा, असा सल्ला दिला जातो. झुकवावा हे बरोबर, पण त्या 'लगेच'ला माझी हरकत आहे.

फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, अंतर कापते ती लाइन, म्हणजे तिला जोडलेली वजनदार दोरी. हात झटकन थांबतो, वाकलेला रॉड सरळ होतो आणि लाइन रॉडच्या टोकाला मागे टाकून पुढे निघते. लूप, म्हणजे हवेतल्या लाइनचा वळसा, तिथे तयार होतो. थांबण्याआधीच टोक खाली ओढलंत तर लूप परातीएवढा उघडतो, मग वाऱ्यात संपलाच. आपल्या सोलापुरी चादरीसारखंच आहे हे: झटकताना हात थांबतो म्हणून लाट पार दशांपर्यंत पोचते.

थांबल्यावर मूठ किंचित सैल सोडा. सरळ झालेला रॉड पुढे जरा जास्तच झुकून परत उसळतो आणि लाइनमध्ये लाटा उठतात. सैल मुठीत त्या बऱ्याच मुरतात. मग लाइन उतरेल तसं टोक तिच्यासोबत खाली, अगदी पाण्यालगत. टोक वर राहिलं तर लाइनला झोळ पडतो, मासा फ्लाय चाखून थुंकतो आणि आपल्याला पत्ताच नाही. हिप्परग्याच्या तलावावर चिलापीने मला असं कितीदा मामा बनवलंय!

वाहत्या पाण्यात मात्र लूप हवेत असतानाच रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला न्यायचा, म्हणजे फ्लाय लगेच ओढली जात नाही. हिप्परग्यावर याचं काम नाही. भीमेला उजनीचं पाणी सुटलं की पडतं. तेव्हा काठावरूनच टाका.