मदत हवी आहे: जर्मन सैन्याच्या फिरत्या स्वयंपाकगाडीतील ग्लिसरीनबाबत

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याच्या मोठ्या स्वयंपाकगाडीची, म्हणजे सैनिक जिला ‘गुलाशकानोने’ म्हणत तिची, दुरुस्ती आम्ही जर्मनीतील काही हौशी मंडळी करत आहोत. तिच्या सुमारे 200 लिटरच्या मुख्य भांड्याला दोन भिंती असून, अन्न तळाला लागू नये म्हणून त्यांमधील पोकळीत ग्लिसरीन भरलेले असे. ही रचना मला फार मोलाची वाटते, म्हणूनच भांडे केवळ प्रदर्शनापुरते न राहता त्यात पुन्हा सूप शिजावे, अशी मनापासून इच्छा आहे. जुने ग्लिसरीन काढल्यावर पोकळी कशी धुवावी, गळती किती दाबाने तपासावी, आणि तापल्यावर प्रसरण पावणाऱ्या ग्लिसरीनसाठी किती जागा सोडावी? बॉयलरचे किंवा वाफेवरच्या मोठ्या भांड्यांचे काम केलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.