मदत हवी आहे : इंकस्केपमध्ये देवनागरी अक्षरं एकेक करून उमटवताना वेलांटी सुटी पडते

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'शुभ दिवाळी' अक्षरागणिक उमटणारी जिफ (हलतं चित्र) करायची आहे. मजकूर 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून (म्हणजे अक्षरांचे आकार बनवून) ग्रुप सोडला की 'दि'ची वेलांटी वेगळी होते आणि फ्रेममध्ये 'द'च्या आधी एकटीच उभी राहते. फार वाईट दिसतं ते! सध्या अक्षर आणि मात्रा हाताने ग्रुप करून प्रत्येकाला वेगळा लेयर देतोय. पीएनजी चित्रं काढून गिंप या फोटो-एडिटरमध्ये जोडतोय, फ्रेमला 200 मिलिसेकंद. जिफमध्ये अर्धपारदर्शक पिक्सेल नसल्याने कडा कातरतात, म्हणून प्रत्येक फ्रेमखाली पार्श्वभूमी ठेवून 'रिप्लेस' (आधीची फ्रेम काढून नवी दाखवणं) निवडतो.

चार ओळींच्या मजकुराला हे ग्रुपिंग फारच वेळखाऊ आहे. जोडाक्षरासकट अख्खं अक्षर एकत्र ठेवणारं एक्स्टेंशन कुणी वापरलंय का? की डावीकडून सरकणारा क्लिप आयतच (ज्याच्या आतला भागच दिसतो) बरा?